तोडण्याआधी ऑर्डर : माटोळीच्या सामानासाठी मोबाईल वापरला, त्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

मृग लागला. आज आमच्या बायकांच्या गटाच्या बैठकीत एकच विषय होता : यंदा माटोळीचे सामान विकायचे कसे. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला, बुधवारी आहे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. गणपतीच्या मूर्तीवर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला पावसाळ्यातली फळे, भाज्या, रानफुले, पाने बांधतात. ती माटोळी. नारळाची पेंड (घोस), सुपारीचा कातरा (घोस), केळ्यांचा घड, तोरिंग, चिबूड हे तिच्यात असतेच. पण माटोळीला खरी शोभा येते ती रानच्या वस्तूंनी : कांगले, घागऱ्या, कवंडळ, माट्टीची फळे, आंबाड्यांचे घोस. चवथीच्या आधी दोन-तीन दिवस फोंडा, म्हापसा, डिचोली, पणजी इथे माटोळीचा बाजार भरतो. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतल्या बायका माल घेऊन तिथे बसतात. आम्ही सत्तरीच्या.

अडचण अशी की रानचे सामान आधी तोडावे लागते आणि गिऱ्हाईक मागाहून मिळते. पाऊस लागला किंवा बसायला कडेची जागा मिळाली की माल उरतो. गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या संध्याकाळी कांगले आणि आंबाडे पोतीभर उरले आणि तिथेच टाकून यावे लागले. थोरली काकी आज म्हणाली, "विकले नाही त्याचे एवढे नाही गे, तोडले त्याचे वाईट वाटते."

म्हणून ठरले की मोबाईल एकाच कामाला लावायचा. ऑर्डर आधी घ्यायची, मग तेवढेच तोडायचे. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. पोस्ट टाकण्याआधी ती या कामाची आहे का, ते बघायचे. गावाची प्रसिद्धी करू, फॉलोअर वाढवू, अशाही सूचना आल्या. त्या यंदा बाजूला ठेवल्या.

१५ जून, रविवार

गटातल्या बहुतेकींकडे स्मार्टफोन आहे, पण तो घरातल्या मुलांच्या हातात असतो. गेल्या वर्षी वहिनीचा स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला होता. तिला चवथ होऊन गेल्यावरही रात्री-अपरात्री अनोळखी फोन येत राहिले. यंदा कुणाचाही घरचा नंबर बाहेर द्यायचा नाही.

नवीन प्रीपेड सिम घेतले, एका जुन्या फोनमध्ये घातले आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस सुरू केले. ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग ठेवता येतो, गिऱ्हाइकांना लेबल लावता येतात आणि आपण नसताना आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवता येतो. 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले' ही लेबले आधीपासून तयार असतात. आम्हाला तेवढी पुरली.

आमच्या वाड्यावर पावसात रेंज जाते, वीज गेली की टॉवरही बंद पडतो. मुख्य फोन वाळपईला राहणाऱ्या वहिनीकडे ठेवला आणि माझा फोन 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडला. असे चार फोन जोडता येतात. एकीची रेंज गेली तर दुसरी उत्तर देते. एकाच माणसाला दोघींकडून दोन उत्तरे जाऊ नयेत म्हणून वेळ वाटून घेतली : दुपारपर्यंत वहिनी, संध्याकाळी मी. रात्री आठनंतर फोन नाही. आपोआप जाणाऱ्या निरोपात तेही लिहिले.

२९ जून, रविवार

फोटोंचा दिवस, आणि तो बराचसा वाया गेला. जूनमध्ये माटोळीच्या रानवस्तू तयारच नसतात. कांगले अजून धरले नाहीत, कवंडळाचा वेलच वर चढतो आहे. गेल्या वर्षीचे फोटो प्रत्येकीच्या फोनमध्ये आहेत, पण ते व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले, धूसर. नारळ, सुपारी, हळदीचे रोप, केळी यांचेच फोटो काढून झाले.

फोटोंविषयी कामाची माहिती : स्टीलच्या ताटात फळ ठेवले की ताटाची चमक फोटोभर पसरते. प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्रीवर सगळेच निळसर दिसते. सुपात ठेवून, ओसरीच्या कडेला, पाऊस थांबलेल्या ढगाळ उजेडात काढलेले फोटो सर्वांत खरे आले. शेजारी हाताची मूठ ठेवली की आकार कळतो. फ्लॅश लावला की रंग फिका पडतो.

प्रत्येक फोटोखाली आमच्याकडचे नाव लिहिले आणि ओळखीच्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांकडून खात्री करून घेतली. कवंडळ आणि कळलावी यांच्या गेल्या वर्षीच्या फोटोंवरच लाल अक्षरांत लिहिले : "विषारी. खाऊ नये. मुलांच्या हाताला लागू देऊ नये." कळलावीचा कंद आणि बिया तर फारच घातक. गावातल्या मुलांना हे घरातच कळते, फ्लॅटमधल्या मुलांना कोण सांगणार? माटोळी उतरवल्यावर फळे खाली येतात, तेव्हाच धोका जास्त. सजावटीची वस्तू विकताना हे सांगणे आपले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

१३ जुलै, रविवार

या आठवड्यात जे झाले ते सविस्तर लिहिते, कारण इतर गटांना हेच सर्वांत उपयोगी पडेल.

इन्स्टाग्रामवर गटाचे खाते काढले होते. आमच्यातली कॉलेजला जाणारी मुलगी रील करण्यात हुशार आहे. तिने ओढ्याकाठून काकी पाने खुडत येते आहे, मागे धबधबा, असा सुरेख रील केला. जागेचे नाव टॅग केले. दोन दिवसांत तो इतका पाहिला गेला की फोन वाजायचा थांबेना.

ऑर्डर एकही आली नाही.

खाते 'प्रोफेशनल' केले की बघणारे कोणत्या शहरातले ते आकडे दिसतात. बहुतेक मुंबई, पुणे, बेंगळुरूचे होते. प्रतिक्रियांमध्ये एकच प्रश्न : हा धबधबा कुठे, गाडी कुठवर जाते. आणि रविवारी सकाळी खरोखरच गाड्या आल्या. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) कडेने माणसे खाली उतरली, फुले तोडून फोटो काढले, बाटल्या टाकून गेली. काकीने विचारले तर म्हणाले, इन्स्टावर बघून आलो.

आमचे गाव म्हादई अभयारण्याच्या हद्दीजवळ आहे. हे अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यातून झाडपाला परवानगीशिवाय नेता येत नाही. आमचे सामान कुळागरातले, बांधावरचे आणि स्वतःच्या बागायतीतले असते. पण आमच्याच रीलने अनोळखी माणसांना हद्दीपर्यंतची वाट दाखवली. ज्या कामासाठी फोन हातात घेतला होता त्याच्या अगदी उलटे घडले.

काय केले : रील त्याच दिवशी काढून टाकला. जागेचा टॅग कायमचा बंद. फोनच्या कॅमेऱ्याची लोकेशन परवानगी बंद केली. ओढा, पायवाट, देवळाचे शिखर, मैलाचा दगड, असे काहीही ओळख पटवणारे फोटोत येऊ द्यायचे नाही. वस्तूचे नाव सांगायचे, तालुका सांगायचा, झाड कुठे उभे आहे ते सांगायचे नाही. मुलगी हिरमुसली. तिला सांगितले की काम उत्तम होते, फक्त ते वेगळ्याच लोकांकडे गेले. पुढचा रील पुन्हा तिच्याकडेच दिला.

२० जुलै, रविवार

मग बसून विचार केला : आपले गिऱ्हाईक नक्की कोण? माटोळी बांधणारे, बाजारात उभे राहायला वेळ नसलेले, फोंड्या-पणजीत फ्लॅटमध्ये राहणारे लोक. नोकरी करणारी जोडपी, नाहीतर एकटे राहणारे वयस्क. हे लोक सोसायटीच्या, कचेरीच्या, शाळेच्या जुन्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत असतात.

पहिला मजकूर मी लिहिला होता. माटोळीची परंपरा, रानाचे महत्त्व, गटाची माहिती, सगळे होते त्यात. लोकांनी हात जोडलेले चिन्ह टाकले आणि पुढे गेले. विचारायचे काय, तेच त्यातून कळत नव्हते. दुसरा मजकूर असा केला :

"माटोळीचे सामान, सत्तरीहून. लहान संच ६०० रुपये, मोठा १,२०० रुपये. ऑर्डर १७ ऑगस्टपर्यंत. ताबा फोंड्यात २४ ऑगस्टला, पणजीत २५ ऑगस्टला. मागणी येईल तेवढेच तोडणार, म्हणून नंतर ऑर्डर घेता येणार नाही. लहान की मोठा, फोंडा की पणजी, एवढेच कळवा."

हा गेला आणि त्याच रात्री विचारणा सुरू झाली. किंमत आधीच लिहिल्यामुळे नुसतेच दर विचारून गप्प होणारे कमी झाले.

ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायची व्हॉट्सॲपची सोय) मात्र वेळ गेला. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर गोळा करून यादी केली, निरोप पाठवला, आणि बहुतेकांना तो पोचलाच नाही. ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो, आणि आमचा नंबर नवा. आता पहिल्या उत्तरातच लिहितो : "हा नंबर 'माटोळी सत्तरी' नावाने सेव्ह करा, म्हणजे टेम्पोची वेळ कळवता येईल." सेव्ह का करायचा ते सांगितले की लोक करतात.

आणखी एक निरीक्षण. तोच मजकूर आम्ही एखाद्या सोसायटीच्या गटात परका नंबर म्हणून टाकला तर कुणी वाचत नाही, कधी गटातून काढूनही टाकतात. त्याच सोसायटीतल्या ओळखीच्या बाईने "मी यांच्याकडून घेते, माल ताजा असतो" अशी एक ओळ जोडून पुढे पाठवला की ऑर्डर येतात. म्हणून आता गटांत शिरत नाही. प्रत्येक सोसायटीत एक ओळखीचे माणूस शोधतो आणि त्याला विनंती करतो.

२७ जुलै, रविवार

पैशांची बाजू. आगाऊ २०० रुपये घ्यायचे ठरले. काकींना संकोच वाटत होता, देवाच्या कामाला आगाऊ कसले? पण आगाऊ घेतल्याशिवाय ऑर्डर पक्की धरता येत नाही, आणि पक्की नसेल तर तोडायचे किती ते कळत नाही. त्यांना ते पटले.

गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड कॅटलॉगमध्ये टाकला. एकाने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, पण बँकेचा संदेश आला नाही. खात्यातही काही जमा नव्हते. विचारल्यावर त्याने नंबरच ब्लॉक केला. दुसऱ्या एकाने, "मी पैसे पाठवतो, तुम्ही फक्त पिन टाका" म्हटले. वहिनीने फोन ठेवला. पैसे घेताना पिन लागत नाही, हे भिंतीवर चिकटवले आहे, खाली सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लिहून. स्क्रीनशॉट बघून लेबल बदलायचे नाही, खात्यात जमा दिसले की बदलायचे.

३ ऑगस्ट, रविवार

फेसबुक आणि पुन्हा इन्स्टाग्राम.

फेसबुकवर चाळिशीच्या पुढची मंडळी भेटतात आणि ती प्रश्न विचारतात, हे चांगले आहे. शहराच्या गटात पोस्ट टाकली तेव्हा खाली मराठी की कोकणी असा वाद सुरू झाला. कामाच्या प्रश्नांना ज्या भाषेत विचारले त्या भाषेत उत्तर दिले आणि वादात एक अक्षर लिहिले नाही. घरी आम्ही सत्तरीची बोली बोलतो, आरत्या मराठीत म्हणतो. त्यावर तिथे भांडत बसण्याइतका वेळ चवथीच्या महिन्यात कुणाला आहे?

जाहिरातीला ५०० रुपये घातले. जागा निवडताना वाळपई धरून मोठे वर्तुळ आखले गेले आणि त्यात कर्नाटकातली आणि दोडामार्गकडची गावे आली. तिथून निरोप आले, पण तिथे आम्ही माल पोचवणार नाही. पैसे त्यातच संपले. मग ३०० रुपयांत फक्त फोंडा आणि पणजी शहरे निवडून पुन्हा चालवली, फोटोवर ताब्याची ठिकाणे आणि तारखा लिहून. या वेळी थोड्याच लोकांनी विचारले, पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी ऑर्डर दिली.

इन्स्टाग्रामचे कोडे मुलीनेच सोडवले. ती म्हणाली, "ताई, मुंबई-बेंगळुरूचे लोक बघतात ना, त्यांतले गोंयकारही असतील. त्यांचे आईवडील इथेच आहेत." तिने नवा रील केला. ओसरीवर सूप, सुपात एकेक वस्तू ठेवली जाते, शेवटी पाटी : "तुम्ही चवथीच्या आदल्या दिवशी घरी पोचणार. माटोळीचे सामान आईबाबांकडे आधी पोचू द्या." धबधबा नाही, रान नाही. पाहिला गेला पहिल्याच्या तुलनेत अगदी कमी. पण त्यावरून पणजीच्या आजीआजोबांसाठी पुण्याहून नातवाने पैसे भरले. मग आणखी काही तसेच आले. मुलगी दिवसभर खूष होती आणि मीही.

१० ऑगस्ट, रविवार

ऑर्डर येऊ लागल्या तसे फोनही वाढले. "हे बांधायचे कसे?" "आमच्या छताला हूक नाही, काय करू?" "पूर्वी सासरे बांधायचे, आता कोणी नाही." या शेवटच्या वाक्याने मला थांबवले. सामान विकत मिळाले तरी बांधणारे हात घरात राहिले नाहीत, अशी किती घरे असतील.

यूट्यूबवर काही टाकायचे आमच्या मनातही नव्हते. आज भाऊंना विनंती केली. ते पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या मोठ्या घरची माटोळी बांधतात. त्यांनी ओसरीवर चौकट टांगून दाखवले : कुमयाच्या झाडाच्या सालीचे दोर आदल्या रात्री भिजत घालायचे, म्हणजे वळतात आणि तुटत नाहीत. जड वस्तू आधी, जिथे पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे. नारळाची पेंड एका बाजूला गेली तर समोरच्या बाजूला केळ्यांचा घड, नाहीतर चौकट कलते. मूर्तीच्या डोक्यावर बरोबर मधोमध जड काही नाही. मग सुपारी, तोरिंग, चिबूड. आंब्याचे टाळे कडेने. फुले आणि घागऱ्या सर्वांत शेवटी, चवथीच्या आदल्या रात्री, कारण त्या आधी सुकतात. फ्लॅटमध्ये छताला भोक पाडता येत नसेल तर मखराच्या दोन्ही बाजूंना उभे वासे लावून त्यांवर हलकी चौकट बसवायची. पंख्याच्या हुकाला मुळीच नाही.

पहिले चित्रीकरण फुकट गेले. पत्र्यावर पाऊस पडत होता आणि भाऊंचा आवाजच ऐकू येत नव्हता. दुसऱ्यांदा कौलारू घरात घेतले आणि बोलणे वेगळ्या फोनवर, त्यांच्या खिशात ठेवून, रेकॉर्ड केले. दोन्ही जोडताना सुरुवातीला एकदा टाळी वाजवली होती, तिच्यावरून आवाज जुळवला. वाड्यावरून अपलोड होईना, म्हणून वाळपईला वहिनीच्या घरी रात्रभर लावून ठेवले.

खालच्या माहितीत वेळा लिहिल्या : ००:०० दोर, मग जड वस्तू, मग फुले, मग फ्लॅटसाठी. पहिली वेळ शून्यापासून असेल, निदान तीन भाग असतील आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असेल, तरच यूट्यूब त्यांची प्रकरणे करते. आता फोनवर कुणी विचारले की त्या भागाची लिंक पाठवतो. बांधण्याविषयीचे फोन जवळजवळ थांबले आणि वहिनीला ऑर्डरीच्या नोंदीला वेळ मिळू लागला.

मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात हे काम सर्वांत मोलाचे. रीलला लोक दोन दिवस बघतात. हा व्हिडिओ पुढच्या चवथीलाही कुणी "माटोळी कशी बांधावी" शोधेल तेव्हा सापडेल, आणि भाऊंना जे येते ते त्यांच्याच आवाजात राहील.

१७ ऑगस्ट, रविवार

ऑर्डर आज बंद. ७० लहान, २६ मोठे संच.

आंबाडे कमी पडणार हे गुरुवारीच कळले होते. यंदा पावसाने बरेच गळले. कॅटलॉगमधली ती वस्तू लपवली आणि ज्यांनी ती धरून संच घेतला होता त्यांना निरोप पाठवला : "आंबाडे कमी आहेत, बदली तोरिंग देऊ, चालेल का?" सगळे हो म्हणाले. न विचारता बदलले असते तर ताबा देताना वाद झाला असता.

एकांनी स्पर्धेच्या माटोळीसाठी रानातली दुर्मीळ आमरी (ऑर्किड) मागितली, किंमत आम्ही सांगू ती द्यायला तयार होते. काकीने नकार दिला. तो नकार मी व्हॉट्सॲपवर नम्र शब्दांत लिहिला, आणि तोच मजकूर 'क्विक रिप्लाय' म्हणून जतन केला, कारण अशी मागणी पुन्हा येणार.

रात्री उशिरा एकाने विनवले, घरी म्हातारी आई आहे, एक संच द्या. त्यांना बाजाराची ठिकाणे सांगितली. तिथे आमच्याच शेजारच्या वाड्यांतल्या बायका बसतात, त्यांचाही माल खपायला हवा.

२१ ते २५ ऑगस्ट

आता नोंदी धावत्या.

२१ ला यादी कागदावर छापली, प्रत्येक गिऱ्हाइकाची चिठ्ठी वेगळी : नाव, संच, बाकी पैसे, ठिकाण. रेंज नसेल तर फोनचा काही उपयोग नाही, हे आधीच धरून चाललो होतो. २२ आणि २३ ला तोड. प्रत्येकीला तिच्या बागायतीतले किती आणायचे ते आकडे लिहून दिले. मोडतोड धरून थोडे जास्त.

२४ ला टेम्पो उसगावमार्गे फोंड्याला. वाटेत पाऊस, वाहतूक तुंबलेली. ठरल्या वेळेला आम्ही निम्म्या वाटेवरच होतो. ब्रॉडकास्टवर "टेम्पो उसगावला आहे, एक तास उशीर होईल" हे पाठवले आणि स्टेटसलाही ठेवले. लोक भिजत उभे राहिले नाहीत. ज्यांनी नंबर सेव्ह केला नव्हता असे चार-पाच जण मात्र वेळेवर येऊन ताटकळले आणि रागावले. त्यांना समोर माफी मागून एकेक घागऱ्यांची जुडी वर दिली.

२५ ला पणजी. तिथे मोबाईलचे जाळे इतके तुंबले की बाकीचे पैसे क्यूआरवर जाईनात. सुटे पैसे बरोबर नेले होते, ते उपयोगी पडले. तीन संच कुणी नेलेच नाहीत, फोनही उचलले नाहीत. आगाऊ रक्कम आमच्याकडे आहे. तो माल दुसऱ्या दिवशी वाळपईच्या बाजारात गेला.

३१ ऑगस्ट, रविवार

घराघरांतून माटोळ्यांचे फोटो आले. पोस्ट करण्याआधी प्रत्येकाला विचारले. घराचा आतला भाग, देव्हाऱ्यातले दागिने, मुलांचे चेहरे त्यात दिसतात. ज्यांनी हो म्हटले त्यांचेही फोटो कापून फक्त माटोळी ठेवली, नाव-पत्ता नाही.

हिशेब : रिचार्ज ९०० रुपये, जाहिरात ८००, छपाई ४५०, सुतळी आणि पोती १,१००, दोन दिवसांचा टेम्पो ६,५००. एकूण ९,७५०. न नेलेले तिन्ही संच लहान होते. त्यांची आगाऊ रक्कम आणि वाळपईच्या बाजारात आले ते पैसे मिळून त्यांची किंमत जवळपास वसूल झाली. टेम्पोचा खर्च सर्वांत जड. पुढच्या वर्षी शेजारच्या वाड्याच्या गटाबरोबर तो वाटून घेण्याचे बोलणे झाले आहे.

ऑर्डर घेताना प्रत्येकाला "आमच्याविषयी कुठून कळले?" हे विचारून वहीत लिहिले होते. अर्ध्याहून जास्त जण ओळखीच्या माणसाने पुढे पाठवलेल्या मजकुरावरून आले. त्यानंतर फेसबुक. यूट्यूबवरून थोडे आले, पण ते काय हवे ते ठरवून आले. इन्स्टाग्रामवरून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, जवळजवळ सगळे बाहेरगावचे. हा रकाना नसता तर सर्वांत जास्त पाहिलेला पहिला रीलच यशस्वी धरला असता.

यंदा टाकून द्यावे लागलेले सामान सुपात मावेल एवढेच होते. काकीने ते बघितले आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांचे विचारायला लागली.

पुढच्या चवथीसाठी ठरलेले बदल : चवथ १४ सप्टेंबर २०२६ ला आहे, म्हणून ऑर्डर २ सप्टेंबरला बंद, तोडीच्या तयारीला दोन दिवस जास्त. म्हापशाला ताबा देता येईल का ते जुलैत बघायचे. फोटो यंदाच ऑगस्टमध्ये नीट काढून ठेवले आहेत. विषारी वस्तूंची सूचना छापील चिठ्ठीवरही घ्यायची. ज्यांना हेच करून बघायचे आहे त्यांच्यासाठी वहीचे रकाने देते : तारीख, नाव, संच, ताब्याचे ठिकाण, आगाऊ, बाकी, कुठून कळले, कुणाच्या बागायतीतून काय तोडायचे. शेवटचा रकाना सोडू नका, तोड त्याच्यावरूनच ठरते.